विनातिकीट माती

मे लागला की माझं डोकं फिरतं. अकोल्याहून पातूरकडे निघा, शहर सुटलं रे सुटलं की दोन्ही अंगांनी धूर. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीचे ढीग पेटलेले, धुरे म्हणजे वावरांचे बांध पेटलेले, धुऱ्यावरचं निंबाचं झाड खालून अर्धं भाजलेलं. आणि पेटवणारा गडी बाजूला कमरेवर हात ठेवून उभा. चेहऱ्यावर केवढं समाधान, दिवाळीची साफसफाई उरकल्यासारखं. विचारा त्याला, "काहून जाळता बाप्पा?" उत्तर ठरलेलं. "वावर साफ नको का?"

साफ! या शब्दाचा मला जेवढा राग आहे तेवढा कोणत्या शिवीचा नाही. आमच्या वऱ्हाडात माणसाची इज्जत त्याच्या वावराच्या साफपणावर ठरते. पेरणीआधी वावर वखरून वखरून असं काळंभोर करायचं की त्यात एक काडी दिसता कामा नये. काडी दिसली की संपलं. तो माणूस आळशी, नाहीतर त्याच्या घरात काहीतरी बिनसलंय, पोरं बापाला विचारत नाहीत, बायको माहेरी गेलीय. लोक बसमधून जाताजाता वावरं पाहतात आणि घरांचे निकाल लावतात.

हा राग मला मेहबूबचाचांनी दिला. चाचा आता नाहीत, राग राहिला.

मेहबूबचाचा माझे धुरेकरी, म्हणजे त्यांच्या वावराचा आणि माझ्या वावराचा धुरा एक. एस.टी.त कंडक्टर होते. सगळी नोकरी अकोला-पातूर नाहीतर अकोला-तेल्हारा. रिटायर झाले आणि वडिलांच्या वावरात येऊन बसले. बसले म्हणजे खरंच बसले. भंगारातून बसचं दोन माणसांचं एक सीट आणून त्यांनी निंबाखाली पक्कं रोवलं होतं. रेक्झीन फाटलेलं, आतला काथ्या बाहेर आलेला. भेटायला कोणी आलं की त्याला खिडकीकडची जागा द्यायचे. खिडकी नव्हती, पण खिडकीकडची बाजू ठरलेली होती आणि तिथं पाहुण्यानंच बसायचं.

गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. गाडी मागं घेताना कंडक्टर वाजवतात ती. माझे बाबा गेल्यावर वावर माझ्याकडे आलं. मी राहते अकोल्यात, जठारपेठेत, शाळेत गणित शिकवते, शेतीतलं मला कळतं ते रविवारपुरतं. पहिल्याच रविवारी मी धुऱ्यावर उभी राहून नवऱ्याला फोनवर सांगत होते, की इथं फार कचरा झालाय, दोन बाया लावून साफ करून घेते. मागून अशी शिट्टी वाजली की फोन हातातून खाली पडला.

"कोन्या कचऱ्याची गोष्ट करून राहिली व बाई?" एक उंच, वाळका, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस धुऱ्यापलीकडून ओरडला. "तुह्या बापाची पेन्शन हाय ते! जाळू नको, नाही तं तुले बी डबल बेल देतो!"

ही आमची ओळख. त्यानंतर त्यांनी मला हाताला धरून त्यांच्या वावरात नेलं. पायानं तुराट्या-पऱ्हाटीचा थर बाजूला सारला. खाली ओल होती, मे महिन्यात. माती भुरभुरीत होती आणि तिच्यातून एक गांडूळ घाईघाईनं आत निघून गेलं. "पाय," चाचा म्हणाले, "पॅसेंजर अजून गाडीतच हाय." मग माझ्या वावरात आणून त्याच थरातली एक काडी त्यांनी मला मातीत खोचायला लावली. काडी मोडली.

हे खूळ त्यांना कुठून लागलं ते ते कोणालाही सांगायचे, विचारलं नाही तरी सांगायचे. आमच्या फाट्याच्या अलीकडे नाल्यावर एक लहानसा पूल आहे. "सारी नोकरी त्या पुलावरून गाडी गेली माही. पावसायात खाली पायलं का नाला काळा. मी वर लोकायले तिकिटं फाडून राहिलो, एक रुपया सोडत नव्हतो कोनाले, अन् खालून माह्या बापाचं वावर विनातिकीट चाल्लं! दर साली! कोन्या चेकरनं पकडलं नाही त्याले." उघडी माती म्हणजे टपावर बसवलेला पॅसेंजर, पहिल्या वळणाला पडतो, हे त्यांचं दुसरं वाक्य. म्हणून माती झाकायची. पऱ्हाटी, तुराट्या, सोयाबीनचं कुटार, गवत, जे निघेल ते तिथंच अंथरायचं, उताराला आडवं. नांगर नाही, रोटावेटर नाही. बी त्या थरातच भोक पाडून टोबायचं. धुऱ्यावरचं गवत राखायचं. बस्स.

चाचा काही संत नव्हते, हेही सांगते. तोंड भयंकर. बोलताना श्वास घेण्याइतक्या सहज शिव्या यायच्या. गावात त्याचा असा हिशेब बसला होता, की ज्याला चाचांनी आठवडाभर शिवी दिली नाही तो बिचारा काळजीत पडायचा. "बाई, चाचा माह्यावर नाराज हायेत का?" असं मला विचारणारे लोक होते. त्यात पहिला नंबर गजाननभाऊचा.

गजाननभाऊ म्हणजे चाचांच्या दुसऱ्या बाजूचा धुरेकरी. अंगानं पहाड, काळजानं लोणी. गावात लग्न असो की मयत, हा खुर्च्या वाहायला आधी हजर. कोणाच्याही दुःखात पहिलं पाणी याच्या डोळ्यात. आणि वावर? शिवारात सगळ्यात साफ. उन्हाळ्यात त्याचं वावर पाहायला लोक मुद्दाम थांबायचे.

चाचांनी सुरुवात केली त्या वर्षी त्यांच्या हातून एक मोठी चूक झाली होती. मातीला झाकण म्हणून त्यांनी पऱ्हाटी कापलीच नाही, वावरात तशीच उभी ठेवली. पुढच्या हंगामात त्या उभ्या पऱ्हाटीत दडलेली बोंडअळी अशी आली की चाचांचा कापूस गेला तो गेलाच, वर धुरा ओलांडून गजाननभाऊचाही अर्धा गेला. चाचा कुऱ्हाड घेऊन बसले होते म्हणे, आता भांडण होणार म्हणून. गजाननभाऊ आला, खिडकीकडच्या जागेवर बसला, तंबाखू मळली आणि म्हणाला, "जाऊ द्या चाचा. अळी काय धुरा पाहून येते?"

"त्या बयताडानं भांडाले पायजे होतं माह्याशी," चाचा मला कितीतरी वेळा म्हणाले. त्या उन्हाळ्यात त्यांनी सगळी पऱ्हाटी वेळेत कापली, एकेक काडी कोयत्यानं बारीक केली आणि मग अंथरली. हाताला फोड आले. चाची, म्हणजे जैतूनचाची, हळद लावताना म्हणायच्या, "मशीन ले लो ना जी." चाचा म्हणायचे, "गलती हातानं केली, हातानंच निस्तरतो."

असं वर्षामागून वर्ष चाललं. लोक हसायचे. "चाचाचं वावर का उकिरडा?" एकदा कुठल्याशा योजनेतले साहेब लोक आले, मातीचं आरोग्य असा फलक घेऊन. चाचांनी मोठ्या हौसेनं जुना खाकी शर्ट इस्त्री करून घातला होता. साहेबांनी फलक धरला, चाचांच्या हातात फावडं दिलं, फोटो झाला. मग निंबाखाली जेवणं झाली आणि जाताना त्यांच्या माणसांनी थर्माकोलच्या पत्रावळी गोळा करून धुऱ्यावरच पेटवून दिल्या! धुऱ्यावरच्या राखलेल्या गवतासकट! चाचा शिट्टी वाजवत, शिव्या देत जीपमागं फाट्यापर्यंत धावले. मी तिथं होते. त्या जीपमधले लोक खिडकीतून हात हलवत होते. त्यांना वाटलं म्हातारा निरोप द्यायला धावतोय.

पण माती बदलली. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जोराचा पाऊस झाला की चाचा वावराच्या खालच्या टोकाला जाऊन बसायचे आणि बाहेर येणारं पाणी स्टीलच्या गिलासात धरायचे. मग तो नितळ पाण्याचा गिलास घेऊन गावभर. "पाय! एक बी पॅसेंजर उतरला नाही!" माझ्या वावरातलं पाणी त्याच गिलासात धरून दाखवायचे तेव्हा मला कुठं तोंड लपवू असं व्हायचं. मग मीही झाकायला लागले, थोडं थोडं, त्यांच्या शिव्या खात.

ते गेले त्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. चाचा फाट्यावर बसमधून उतरत होते, पाय खाली टेकायच्या आत गाडी हलली. पडले ते मांडीचं हाड मोडूनच. लोकांनी उचललं तेव्हा वेदनेनं कळवळत होते म्हणे आणि तरी ओरडत होते, "डबल बेल कोनं मारली बे? पॅसेंजर उतरू तं दे!"

अकोल्यात ऑपरेशन झालं. माझं घर जवळ, म्हणून डबा माझा. अख्खं गाव भेटून गेलं. गजाननभाऊ तर पलंगाचा दांडा धरून हुंदके देऊन रडला. चाचांनीच त्याची समजूत काढली. "अबे रडतं काहून? मेलो नाही अजून. जाय, केळं खा." जाताना गजाननभाऊ डोळे पुसत म्हणाला, "चाचा, वावराची काळजी करू नका. आमी हाओत."

आमी हाओत! तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण कोणाच्या मनात येणार होतं?

काही दिवसांनी दुपारी माझ्या फोनवर गजाननभाऊचा व्हिडिओ आला. खाली लिहिलेलं, चाचाले दाखवा, खुश होतील. मी चाचांच्या पलंगाशेजारी बसले होते. व्हिडिओ लावला आणि पहिल्या दोन सेकंदांतच बंद केला. पण चाचांची नजर कंडक्टरची. "काय हाय? दाखव."

"काही नाही चाचा, शाळेचं आहे."

"झूट नको बोलू," म्हणाले आणि फोन माझ्या हातातून काढून घेतला.

पडद्यावर एक वावर होतं. काळंभोर, सपाट, रोटावेटर फिरवलेलं. काडी नाही, गवत नाही, धुरे जाळून साफ. चाचांनी चष्मा वर-खाली केला. "कोनाचं हाय हे? गजाननचं हाय ना? साफ हाय." मग व्हिडिओ घेणारा हळूहळू वळला आणि निंब दिसला. निंबाखाली बसचं सीट दिसलं. सीटवर गजाननभाऊ, आजूबाजूला गावातली दहा-पंधरा माणसं, घामानं निथळलेली, हसणारी. "पाहा चाचा! आरसा करून टाकला वावराचा! साऱ्या गावानं केलं तुमच्यासाठी!"

मी चाचांना तेव्हा पाहिलं. ते ओरडतील, फोन भिंतीवर मारतील असं मला वाटलं. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पुन्हा पाहिला. मग फोन चादरीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चाची विचारत होत्या, "क्या हुआ? किसका फोन था?" मीच त्यांना बाहेर नेऊन सांगितलं. चाची तिथंच बाकावर बसल्या. "हाय अल्ला," म्हणाल्या, "अब इनको कौन संभालेगा?"

आजारी माणसाचं वावर गावानं साफ करून देणं ही आमच्याकडची फार जुनी, फार चांगली रीत आहे. मला ठाऊक आहे. माझे बाबा आजारी होते तेव्हा याच लोकांनी आमचं वखरून दिलं होतं आणि आई त्यांना हात जोडत होती. म्हणून तर माझा जास्त जळफळाट होतो. दुश्मनानं जाळलं असतं तर पोलिसांत गेलो असतो. इथं जाणार कोणाकडे? एवढ्या वर्षांचा थर, हातानं बारीक केलेली एकेक काडी, जगवलेलं गवत, आणि हे सगळं एका दिवसात पेटवून, वर ट्रॅक्टर घालून, उताराला आडव्या ओळी मोडून सरळ करून टाकल्या, आणि तेही घरून भाकरी बांधून आणून, फुकट! प्रेमानं! कोणाच्याही डोक्यात एवढं आलं नाही की म्हाताऱ्याला एक फोन करून विचारावं. रोज भेटणारा माणूस वर्षानुवर्षं ओरडून काय सांगत होता ते ऐकलं सगळ्यांनी, आणि हसून सोडून दिलं.

जूनमध्ये चाचांना घरी आणलं. वॉकर घेऊन चालायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी वावरात न्यायला लावलं. गाव आधीच जमलेलं. निंबाखाली सतरंजी, चहाची किटली, पेढे. गजाननभाऊच्या हातात हार. चाची रिक्षात सारखं बजावत होत्या, "देखो जी, गालियां मत देना. उन लोगों ने प्यार से करा है."

हार घालून घेतला. वॉकर टेकत टेकत वावरात चार पावलं गेले. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून वॉकरचा पाय मातीत दाबून पाहिला. मग गजाननभाऊकडे वळले. सगळे शिवीची वाट पाहत होते. हसरे चेहरे करून, जशी नेहमी पाहायचे तशी.

"गजानन, तू दवाखान्यात रडला होता ना माह्यासाठी?"

"हो चाचा."

"उन्हात राबला इथं?"

"तुमच्यासाठी कायचं राबनं चाचा!"

"मंग आता मी तुले शिव्या कशा देऊ बे?" चाचांचा आवाज फाटला. "वावर नेलं ते नेलं. माह्या शिव्या बी घेऊन गेला तू."

गजाननभाऊला काही कळलं नाही. तो हसला. इकडंतिकडं पाहत बाकीचेही हसले. माझा तोल गेला. मी ओरडले, "कोणाला विचारून केलं तुम्ही हे? प्रेम करता तर विचारायला काय जीभ झडते का?" गजाननभाऊचा चेहरा उतरला. "बाई, असं काय बोलता? आमी काय पैसे मांगतले?" चाचांनी मला हातानं गप्प केलं, सीटवर बसले आणि चहा प्यायले. खिडकीकडच्या जागेवर त्या दिवशी ते स्वतः बसले.

त्यानंतर कितीतरी दिवस चाचांनी कोणालाच शिवी दिली नाही. गावाला वाटलं, ऑपरेशननं म्हातारा निवला. गजाननभाऊ मात्र रोज येऊन विचारायचा, "चाचा, नाराज हाय का?" चाचा म्हणायचे, "नाही." एवढंच.

पोळ्याच्या आत ते गेले. शाळेच्या कामात माझे रविवार हुकले आणि एक दिवस थेट चाचीचा फोनच आला. मी चाचांना शेवटचं पाहिलं ते वावरात नाही.

जुलैतली गोष्ट. सकाळपासून आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळला आणि दुपारी थांबला. मी माझं वावर पाहून अकोल्याच्या बसमध्ये चढले होते. बस पुलावर आली आणि शिट्टी ऐकू आली. लांब, करकरीत, एकच. ड्रायव्हरनं सवयीनं कचकन ब्रेक मारला. "कोन हाय बे मागं?" कंडक्टर म्हणाला. पुन्हा शिट्टी. मी काच सरकवून डोकं बाहेर काढलं.

पुलाच्या कठड्याला वॉकर टेकवून चाचा उभे होते. भिजून चिंब. बसकडे त्यांचं लक्षच नव्हतं. तोंड नाल्याकडे होतं. खाली पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं, डांबरासारखं काळं, आणि चाचा त्याच्याकडे पाहून, गाल फुगवून फुगवून, थांबायची शिट्टी वाजवत होते.

गावाकडून गजाननभाऊ पळत आला. हातात छत्री, चाचांच्या डोक्यावर धरू लागला. "चाचा, घरी चाला! येडे झाले का? पानी का शिट्टीनं थांबते?"

चाचांनी शिट्टी तोंडातून काढली. "पानी नाही बे ते," म्हणाले. "पाय नीट."

गजाननभाऊनं कठड्यावरून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. आमच्या बसमधले लोक कुरकुरायला लागले होते. मग त्याच्या हातातली छत्री आपोआप खाली आली. नाल्याच्या वरच्या अंगाला चाचांचं वावर आहे, त्याला ते आयुष्यभर ठाऊक होतं. तो चाचांकडे वळला आणि पोरासारख्या आवाजात म्हणाला, "चाचा, आता काय करू? तुमी सांगा."

आणि चाचांनी त्याला शिवी दिली. मोठी, लांब, आईपासून सुरू होऊन सात पिढ्यांवर जाणारी, अख्ख्या पुलाला ऐकू जाईल अशी. ती संपेना. मध्येच कापून ठेवायची पऱ्हाटी आली, धुऱ्यावरचं गवत आलं, उताराला आडवं टाकायचं कुटार आलं, पुन्हा शिवी आली. गजाननभाऊ मान खाली घालून ऐकत होता, पाणी डोळ्यांतून घळघळा, आणि "हो चाचा, हो चाचा" म्हणत होता.

आमच्या कंडक्टरनं डबल बेल दिली. मी मागच्या काचेतून पाहत राहिले. चाचांचा हात हवेत चालूच होता, गजाननभाऊची मान हलत होती, आणि त्या दोघांच्या पायाखालून वावर चाललं होतं.